शिडीचा गुडघा

धाकट्याने एमआरआयची फिल्म स्वयंपाकघराच्या खिडकीला लावून धरली, तर आई आधी काच पुसायला फडकं घेऊन आली.

"आई, डाग काचेवर नाहीये. इथे बघ. मांडीच्या हाडापासून खाली नडगीच्या नळीपर्यंत एक काळी दोरी दिसायला हवी. दिसतेय?"

"मला काय तुझ्या फोटोतलं कळतंय."

"नाही दिसत. कारण ती तुटलीय."

आईने फडक्याची घडी घातली, ओट्यावर ठेवली आणि पुन्हा उलगडली.

त्याच्या मुलीचा, पिटूचा, गुडघा मंगळवारी बास्केटबॉलच्या सेमीफायनलमध्ये गेला होता. आज गुरुवार, रविवारी फायनल. सर्जन संध्याकाळी ओपीडीत बसणार होता आणि पिटू जायला तयार नव्हती. एकोणीस वर्षांच्या मुलीला काखोटीला मारून नेता येत नाही, आणि पिटू तर काखोटीत मावण्यातली उरलीच नव्हती. जन्मली तेव्हा वीतभर होती म्हणून घरात तिचं नाव पिटुकली पडलं. आता ती घरातल्या प्रत्येक दारातून मान तिरकी करून जायची. तिचं म्हणणं सरळ होतं. आजोबा पट्टी बांधतील, ती रविवारी खेळेल, ऑपरेशनचं पुढे बघता येईल. रविवारी मोठ्या क्लबची माणसं तिला बघायला येणार होती. अशी माणसं पुन्हा येत नाहीत, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. या घरात ते सगळ्यांना पाठ होतं.

"ताईला बोलावलंय मी," धाकटा म्हणाला. "पिटू तिचं ऐकेल."

"तिला कशाला त्रास देतोस या सगळ्याचा?"

"मग कुणाला देऊ? अण्णांना?"

आईने पुन्हा फडकं उचललं. पिढीजात हाडवैद्याच्या घरात जन्मून धाकट्याने हॉस्पिटलात एक्स-रे काढायची नोकरी धरली, हे त्याच्या वडलांनी, अण्णांनी, कधी पचवलं नव्हतं. ते त्याला फोटोवाला म्हणत. तो कामावरून आला की पुढच्या खोलीतून विचारत, "काय फोटोवाले, आज एखादं हाड हसलं का?" पहिली काही वर्षं धाकटा चिडायचा. मग नुसता मान हलवून आत जायला लागला, आणि अण्णांना त्याचं जास्त लागलं.

ताई आली ती मागच्या दाराने. पायरीवर तिने नेहमीसारखा आधी डावा पाय टाकला आणि उजवा त्याच्याशेजारी आणून ठेवला. एवढी उंच बाई पायऱ्या मात्र लहान मुलासारख्या, एकेक करून चढायची. विमा कंपनीच्या ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. शनिवार-रविवारी ती कॉलेजच्या हॉलमध्ये टेबलावर बसून सामन्यांचं घड्याळ चालवायची. मंगळवारीही तीच होती घड्याळावर. पिटू हवेत उडाली, रिबाउंड घेतला, आणि खाली येताना दुसरीच्या बुटावर उतरली. गुडघा आत वळला. पंचाची शिट्टी वाजायच्या आत ताईने घड्याळ थांबवलं होतं. असं करायचं नसतं. पंचांनी नंतर तिला तसं सांगितलंही, आणि ती "चुकलं" म्हणाली.

"दाखव," तिने फिल्म हातात घेतली आणि खिडकीकडे धरली. बराच वेळ बघत राहिली. "माझी अशी काढलीच नव्हती ना कुणी."

"तेव्हा इथे मशीन नव्हतं."

"तेच म्हणतेय मी. मशीन नव्हतं. काय होतं? सुजलेला गुडघा आणि अण्णांची बोटं. एवढ्या सुजेत कुणाला काय कळणार होतं?"

धाकट्याने फिल्म तिच्या हातातून घेतली आणि पाकिटात सरकवायला लागला. हे वाक्य त्याने किती वेळा ऐकलं होतं. आधी आई बोलायची की कुणीतरी तेव्हाच मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं होतं, मग तो बोलायचा की अण्णांच्या हट्टापायी ताईचं वाटोळं झालं, आणि मग ताई दोघांना गप्प करायची. सूज होती. त्यांना कळलं नव्हतं. ज्याचा गुडघा गेला तीच असं म्हणतेय म्हटल्यावर बाकीच्यांनी काय बोलावं? धाकट्याने एकदा त्याच्या हॉस्पिटलातल्या सर्जनला सहज म्हणून विचारलं होतं, सुजलेल्या गुडघ्यात हाताला कळतं का. सर्जन म्हणाला होता, हात मुरलेला असेल तर कळतं. हे त्याने ताईला कधी सांगितलं नाही. अण्णांवरचा त्याचा राग खरा होता, पण ताईच्या हातातून एवढी एक गोष्ट काढून घ्यायची हिंमत त्याला झाली नाही.

"तो विषय आज नको," तो म्हणाला. "तू पिटूशी बोल. तिच्या आईने परगावाहून तासभर फोनवर समजावलं. पिटूने ऐकून घेतलं, हो हो केलं आणि फोन चार्जिंगला लावला."

"मी काय बोलू?"

"तुझं काय झालं ते सांग."

"ते तिला माहीत आहे. सगळ्या हॉलला माहीत आहे."

हे मात्र खरं होतं. ताई कॉलेजात होती तेव्हा हॉलमध्ये सामन्याला उभं राहायलाही जागा मिळायची नाही. तिच्या हातात चेंडू आला की वरच्या गॅलरीतून आरडाओरडा सुरू व्हायचा: शिडी, शिडी, शिडी. पहिल्या वर्षी ती बाकावर बसून राहिली, कारण कोचला वाटलं, ही पोरगी नुसतीच लांब आहे. दुसऱ्या वर्षी तिने तिच्या त्या डाव्या हाताच्या हूकने सगळ्या विद्यापीठाला पाणी पाजलं. चेंडू कानामागून यायचा आणि बघणाऱ्याला वाटायचं, बाहेर गेला, तोवर जाळी हललेली असायची. तिसऱ्या वर्षी ती कॅप्टन झाली, पेपरात फोटो आला, एका मोठ्या कारखान्याच्या संघाने नोकरीसकट जागा देऊ केली, राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं आलं. आणि सेमीफायनलमध्ये गुडघा गेला. अण्णांनी बांबूच्या खपच्या लावून पट्टी बांधली. आठवड्याने तीच पट्टी घट्ट करून ती फायनल खेळली, आणि तसा सामना त्या हॉलने पुन्हा पाहिला नाही, असं म्हणणारी म्हातारी माणसं अजून भेटतात. शिबिरात तिसऱ्या दिवशी पळता पळता वळली आणि गुडघा निघूनच गेला. दोरी आधीच तुटलेली होती, त्यावर फायनल खेळल्याने आतली गादीही चिरडली गेली होती, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. ती पंचविशीच्या आत घड्याळ चालवायला लागली.

"तिला नंतरचं हरणं माहीत नाही," धाकटा म्हणाला. "तिला फक्त फायनल माहीत आहे. तुझ्या फायनलच्या गोष्टीवर वाढलीय ती. अण्णांनीच सांगितलीय तिला, हजारदा."

ताईने दाराकडे मान वळवली. पुढच्या खोलीतला लाकडी बाक कुरकुरला होता, आणि तिघांनीही तो आवाज ओळखला.

आई सगळ्यांत आधी उठली. त्या बाकाचा आवाज तिने जन्मभर ऐकला होता. कुणी नुसतं टेकलं तर एक, आणि कुणी पाय वर घेऊन अण्णांच्या मांडीवर ठेवला तर दुसरा. हा दुसरा होता. ती दारापर्यंत पोचली, मागोमाग धाकटा, त्याच्यामागे ताई.

"अण्णा," धाकट्याने तोंड उघडलं.

अण्णांनी मान वर न करता डावा हात उचलला. त्यांचा उजवा हात पिटूच्या गुडघ्यावर होता. धाकटा बोलायचा थांबला. अण्णांचा हात पेशंटच्या अंगावर असताना खोलीत कुणी बोलायचं नाही, ही त्या घराची रीत होती. अण्णांच्या वडलांच्या वेळेपासूनची. पोरं रांगत असल्यापासून हे शिकायची. दारात भांडण आलं तरी ते हात उचलेपर्यंत थांबायचं. पिटूला थांबवायला म्हणून धावत आलेली तीन मोठी माणसं दारात ओळीने उभी राहिली आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. धाकटा आतल्या आत जळत होता, पण तोही उभाच राहिला.

आई मात्र त्या बाकावर घरची पोर दुसऱ्यांदा बघत होती. पहिल्यांदा बाकावर तिची स्वतःची मुलगी होती आणि आईने तिचं पाऊल दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. तेव्हा ती नवऱ्याच्या हातांकडे बघत नव्हती, तोंडाकडे बघत होती. अण्णांची आणखी एक रीत होती आणि ती फक्त तिलाच नीट ठाऊक होती. पेशंटला ते एकच सांगायचे: बसेल. खांदा असो, घोटा असो, मणका असो. पेशंटच्या तोंडावर नाही म्हणायचं नाही. माणूस घाबरला की त्याचं अंग आवळतं, हे त्यांचं शास्त्र. पण प्रकरण हाताबाहेरचं असलं की ते हात धुऊन बाहेर ओसरीत जायचे आणि तिथे थांबलेल्या नातेवाइकाला हळूच सांगायचे, आजच मोठ्या दवाखान्यात न्या, वेळ घालवू नका. कितीतरी माणसं त्यांच्या त्या दोन वाक्यांनी वाचली होती.

त्या दिवशी त्यांनी मुलीला सांगितलं, बसेल. पट्टी बांधली. हात धुतले. आणि सवयीने ओसरीत गेले. आईने त्यांना जाताना पाहिलं होतं. ओसरीत कुणीच नव्हतं. असणार कोण? पेशंटचे नातेवाईक घरातच होते. अण्णा रिकाम्या ओसरीत थोडा वेळ उभे राहिले आणि परत आत आले. तेव्हा तिने उठून त्यांच्यामागे जायला हवं होतं. नुसतं जाऊन उभं राहायला हवं होतं. ती गेली नाही, कारण पोरगी बाकावर बसून हसत होती आणि म्हणत होती, आई, अण्णा म्हणाले बसेल. एवढ्या आनंदावर पाणी ओतायचं तिच्या जिवावर आलं. या गोष्टीबद्दल आईने नंतर स्वतःला कधी माफ केलं नाही आणि कुणापाशी तिचा ब्रही काढला नाही.

पिटूला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की आजोबांचे हात थरथरतात. चहाचा कप धरला की बशीत सांडायचा. पण कातडीला लागले आणि थरथर थांबली, जणू ते हात दुसऱ्याच कुणाचे होते.

"आधी चांगला पाय," आजोबा म्हणाले. हात अंगावर असताना बोलायची मुभा फक्त त्यांना होती.

त्यांनी तिचा डावा गुडघा जरासा वाकवला, एका हाताने मांडी धरली आणि दुसऱ्याने नळी हलकेच पुढे ओढली. ती थोडी आली आणि टचकन थांबली. पिटूला वाटलं, एवढंच? मग त्यांनी उजवा पाय घेतला. तिने दात आवळले. तिच्या डोळ्यांपुढे रविवारचा हॉल होता, पहिल्या रांगेत बसलेली क्लबची माणसं होती. दोन दिवस ती झोपेतही तेच बघत होती. आजोबांनी मांडी धरली आणि नळी ओढली. दुखलं, पण फार नाही. फक्त पाय खिळा निघालेल्या खणासारखा पुढे येतच राहिला. आजोबा थांबले. त्यांनी पाय परत जागेवर नेला आणि पुन्हा एकदा, अजून हळू, ओढला.

मग त्यांनी दोन्ही हात उचलून स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवले. ते लगेच थरथरायला लागले.

"पट्टी आतल्या खोलीत आहे, मी आणू?" पिटूने विचारलं.

"नको."

"मग?"

"माझ्याच्याने होणार नाही, पिटू. आतली दोरी तुटलीय. तुझा बाप म्हणतो तिथे जा."

दारात उभ्या असलेल्यांपैकी कुणी हललं नाही. हे शब्द त्या खोलीत पेशंटच्या तोंडावर कधीच बोलले गेले नव्हते. धाकटा तर असा बघत राहिला जसं काही अण्णांनी त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली होती.

"फोटो बघितलात तुम्ही," पिटू म्हणाली. "पप्पांनी दाखवला."

"मी कुणाचे फोटो बघत नाही. हाताला लागलं ते सांगतोय."

"नुसती बांधून तर द्या. रविवारपुरती. आजोबा, प्लीज. एक दिवस."

"पट्टी कातडं धरून ठेवते. आत धरायला काही राहिलं नाही."

"आत्याला बांधली होतीत ना तुम्ही?" पिटूचा आवाज चढला. "तुम्हीच सांगता. आत्याचाही असाच सुजला होता, तुम्ही बांधलीत, आणि आत्या खेळली. जिंकली. मग मला का नाही?"

अण्णांनी मान खाली घातली. ते ताईकडेही बघेनात. आपल्या हातांकडे बघत बसले.

ताई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने नळी पुढे येताना पाहिली होती. त्यापेक्षा वाईट म्हणजे तिने ती ओळखली होती. इतकी वर्षं तिला त्या दिवसातलं 'बसेल' हा एक शब्द आणि पट्टीचा आवळ एवढंच आठवत होतं. आज पिटूचा पाय बघताना तिच्या स्वतःच्या पायाला आठवलं: असंच एका हाताने मांडी धरणं, असंच ओढणं, तसाच तो न थांबता पुढे गेलेला पाय. अण्णा तेव्हाही थांबले होते. त्यांनी परत जागेवर नेऊन पुन्हा एकदा ओढला होता. एकदा ओढून कळलं नसतं तर दुसऱ्यांदा इतक्या हळू कशाला ओढतील?

पिटूचा गुडघा तिच्या गुडघ्याइतकाच सुजलेला होता. सुजेतून कळत होतं. ज्यांचे हात आता चहासुद्धा धरू शकत नाहीत, त्यांना कळलं. आणि तेव्हा तर अण्णा पन्नाशीत होते, लांबलांबून माणसं यायची त्यांच्या बोटांसाठी.

पण बाकावर पोरगी बसली होती आणि तिच्या प्रश्नाला कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं. ताई पुढे गेली, बाकावर पिटूच्या शेजारी बसली आणि तिचा हात हातात घेतला.

"ऐक. मी फायनल जिंकले. ते सगळं खरं आहे, आजोबा सांगतात तसंच. पण त्यापुढचं ते सांगत नाहीत. त्यानंतर मी एकही सामना खेळले नाही. एकही नाही. तू मला कधी पळताना पाहिलंयस?"

पिटूने नाही अशी मान हलवली.

"तू लहान होतीस तेव्हा रस्त्यावर माझा हात सोडून पळायचीस. मला तुझ्यामागे पळता यायचं नाही, म्हणून मी ओरडायचे. तुला वाटायचं आत्या रागीट आहे."

"अजूनही वाटतं," पिटू म्हणाली, आणि मग तिला रडू आवरलं नाही. ताईने तिला रडू दिलं. पिटूचं डोकं आत्याच्या खांद्याच्याही वर येत होतं, म्हणून ती अवघडून वाकून रडत होती.

"क्लबवाले परत येणार नाहीत," ती म्हणाली.

"कदाचित नाही येणार."

"तू म्हणायला हवं होतंस की येतील."

"या घरात बरं वाटावं म्हणून बोलायची सवय आहे सगळ्यांना. मी आज नाही बोलणार."

धाकट्याने कुबड्या आणल्या. निघताना तो अण्णांसमोर येऊन थांबला. काहीतरी बोलावं असं दोघांनाही वाटलं असणार, पण इतक्या वर्षांची चिडवाचिडवी सोडून एकमेकांशी कसं बोलायचं हे दोघांनाही येत नव्हतं.

"जातो," धाकटा म्हणाला.

"गाडी हळू चालव. खड्ड्यात गुडघा हलू देऊ नकोस. खाली उशी दे."

"देतो."

आई उशी घेऊन त्यांच्यामागे बाहेर गेली आणि बराच वेळ आत आली नाही. खोलीत अण्णा आणि ताई उरले. पिटूच्या घामाचा ओला डाग बाकावर वाळत होता. अण्णांनी तेलाची बाटली उचलली, झाकण घट्ट आहे की नाही ते बघितलं आणि पुन्हा खाली ठेवली.

"वर्षभरात पळेल ती," ते म्हणाले. "ऑपरेशन नीट झालं तर. वय आहे तिचं."

"हो."

"नवीन दोरी घालतात म्हणे आत. फोटोवाला सांगत होता एकदा."

"अण्णा, माझा किती सुजला होता?"

 अण्णांनी बाकावरच्या पिटूच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"एवढाच," ते म्हणाले.

ताईला वाटलं होतं की खूप राग येईल. तो आला नाही. पायाखालची पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि तिथे काही नसावं, तसं झालं. धाकट्याशी, आईशी, ऑफिसातल्या बायकांशी, दर वर्षी नव्याने येणाऱ्या कोचशी ती ज्या एका वाक्यासाठी भांडत आली, ते वाक्यच गेलं. त्याच्या आधाराने ती या घरात येत-जात राहिली होती, याच बाकावर बसून अण्णांशी गप्पा मारत राहिली होती.

"मी सगळ्यांना सांगत आले, तुम्हाला कळलं नव्हतं."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"स्वयंपाकघरातलं इथे ऐकू येतं. आजचंही आलं."

"इतकी वर्षं?"

"हो."

"आणि तुम्ही मला बोलू दिलंत."

"तू माझ्या बाजूने बोलायचीस. मला बरं वाटायचं," अण्णा म्हणाले. "एवढंच कारण आहे, दुसरं काही नाही. तू फायनल जिंकलीस त्या दिवशी सगळा हॉल उभा राहिला होता, मीही उभा होतो. तुझं नाव घेऊन ओरडत होतो. तेव्हा मनात आलं, बरं झालं बोललो नाही. मग तू शिबिरातून परत आलीस. दारात टॅक्सीतून उतरलीस ती दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकून. त्यानंतर मनात काय काय आलं ते सांगण्यासारखं नाही."

त्यांनी हात एकमेकांत गुंफले, तरी ते थरथरत राहिले. ताई त्यांच्याकडे बघत होती. तिला तो हॉल आठवत होता. शेवटच्या मिनिटात टाकलेला हूक, गॅलरीतला गोंगाट, आणि गर्दीत उभे असलेले अण्णा, तोंड उघडं, दोन्ही हात वर. तिच्या आयुष्यातली सगळ्यांत सुंदर संध्याकाळ होती ती. अण्णा खरं बोलले असते तर ती संध्याकाळ मिळाली नसती, आणि बाकीचं आयुष्य मिळालं असतं. आता कुणी निवडायला सांगितलं असतं तर तिला सांगता आलं नसतं, आणि याच गोष्टीचा तिला सगळ्यांत जास्त राग आला.

पण समोर बसलेला माणूस म्हातारा होता आणि त्याने आज पहिल्यांदा स्वतःची जन्मभराची रीत मोडली होती. ताईला त्याला सोडवायचं होतं, इतकी वर्षं सोडवत आली तसंच. त्या सवयीनेच ती बोलून गेली.

"जाऊ द्या, अण्णा. तुम्ही सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. त्या वयात कोण ऐकतं? मी खेळलेच असते."

अण्णांनी मान वर केली आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "ऐकलं असतंस. तेव्हा तू माझं सगळं ऐकायचीस."